मत नाही, पण तीन मिनिटं आहेत

ऑस्टिनच्या आमच्या मराठी ग्रुपवर मार्च-एप्रिलमध्ये ब्लूबॉनेटच्या निळ्या रानफुलांमध्ये बसवलेल्या पोरांचे फोटो येतात, आणि उन्हाळा लागला की सूर बदलतो. मग अमक्या पार्कचे डे पास संपले, तमक्याचं पार्किंग भरलं म्हणून गेटवरूनच परत पाठवलं, आणि प्रत्येक रडगाण्याच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं, "यांनी काहीतरी करायला पाहिजे यार". आता हे "यांनी" म्हणजे नक्की कोण असं विचारलं की सगळे गप्प. कुणी म्हणतं रेंजर लोकं, कुणी म्हणतं काउंटी, एका काकांनी तर सगळं थेट व्हाइट हाउसवर ढकललं.

तर मंडळी, "यांना" नाव आहे आणि पत्ताही आहे. टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ कमिशन, मुक्काम स्मिथ स्कूल रोड, ऑस्टिन, मॅकिनी फॉल्स स्टेट पार्कला अगदी लागून, म्हणजे आपल्यातले निम्मे लोक तिथे पिकनिकला जाताना या ऑफिसच्या जवळून गाड्या घेऊन गेलेत.

नऊ जणांचं कमिशन आहे. निवडणूक वगैरे काही नाही, गव्हर्नर नेमतो, सेनेट मान्यता देते, सहा वर्षांची मुदत आणि दर दोन वर्षांनी तिघांची संपते. शिकारीचा सीझन कधी, कुठला मासा किती इंचांचा झाला की घरी न्यायचा, स्टेट पार्कसाठी जमीन घ्यायची का, असलेली द्यायची का, हे सगळं या नऊ जणांच्या हातात. पार्कांचं खातं आणि शिकार-मासेमारीचं खातं १९६३ पर्यंत वेगवेगळं होतं, तेव्हा एकत्र केलं, म्हणून आजही एकाच मीटिंगमध्ये तंबूवाले आणि बंदूकवाले शेजारी शेजारी बसलेले दिसतात आणि एकमेकांशी अतिशय गोड बोलतात.

मेंबर कोण असतात म्हणाल तर बहुतेक आपापल्या धंद्यातली तालेवार मंडळी. २०२३ च्या उन्हाळ्यात चेअरमन कोण होते माहितीये? बीव्हर ऍप्लिन, म्हणजे हायवेवरच्या त्या अवाढव्य बकीज पेट्रोल पंपांचे सहसंस्थापक, ज्यांच्या बाथरूमच्या स्वच्छतेवर आपण भारतातून आलेल्या प्रत्येक आईबाबांना लेक्चर देतो ते. त्यांच्यानंतर जेफरी हिल्डेब्रँड, हिलकॉर्प या तेल कंपनीचे. इथे तेलवाले आणि रँचवाले जास्त, साधा तंबू ठोकणारा माणूस कमी, अशी लोकांची तक्रार असते आणि ती मला पटते. पण एक आहे, टेक्ससमधली ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी आहे, त्यामुळे जमीनवाल्यांना सोडून इथे हरणाबद्दलही काही ठरवता येत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्यातले बरेच जण एचवन व्हिसावर, काही ग्रीनकार्डच्या रांगेत म्हातारे होणार, म्हणजे मत द्यायचा प्रश्नच नाही, आणि म्हणून आपण धरूनच चालतो की आपल्याला कोण विचारतंय. पैसे मात्र आपण भरतो. वर्षाच्या पार्क पासचे तर भरतोच, पण तंबू घ्या, मुलाचा फिशिंग रॉड घ्या, या खेळाच्या आणि कॅम्पिंगच्या सामानावरच्या सेल्स टॅक्सचा पैसा स्टेट पार्कांसाठी आणि थोडा ऐतिहासिक वास्तूंसाठी बांधून ठेवलाय, त्यासाठी २०१९ मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि भरघोस मतांनी पास झाली. त्याच्या आधी वर्षानुवर्षं तो पैसा गोळा पार्कांच्या नावाने व्हायचा आणि लेजिस्लेचर दुसरीकडे वळवायचं. तर पैसे आपले आहेत. आणि कमिशनसमोर बोलायला मतदार असावं लागत नाही. मी जे कार्ड भरलं त्यावर नाव, गाव, कुठल्या विषयावर, कुणाच्या वतीने, बाजूने की विरोधात, एवढंच होतं, सिटिझन आहात का असा रकाना मला तरी दिसला नाही.

एवढंच नाही, नियम बदला असा रीतसर अर्जही करता येतो. टेक्ससच्या कायद्यात त्यासाठी राज्याचा रहिवासी असणं पुरतं, आणि अर्ज आला की ६० दिवसांत खात्याला एकतर कारणं देऊन लेखी नाही म्हणावं लागतं किंवा नियम करायची प्रक्रिया सुरू करावी लागते. हे वाचल्यावर मी दोनदा वाचलं. आपल्याकडे अर्ज दिला की पोच मिळाली तरी आपण देवाला नारळ फोडतो.

कमिशनच्या मीटिंगा वर्षातून साधारण पाच वेळा होतात आणि त्यातल्या ऑगस्टच्या मीटिंगला जोडून एक वार्षिक जनसुनावणी असते, जिथे अजेंड्यावर असो वा नसो, पार्क आणि वाइल्डलाइफच्या कुठल्याही विषयावर बोलता येतं. मी गेले ती हीच. ज्यांनी पुण्या-मुंबईत हाउसिंग सोसायटीची एजीएम बघितलीये त्यांना वातावरण लगेच ओळखीचं वाटेल, फक्त इथे कुणी कुणाच्या अंगावर जात नाही आणि चहा नाही. एक आजोबा फक्त गेम वॉर्डनचे, म्हणजे शिकार-मासेमारीचे नियम सांभाळणाऱ्या पोलिसांचे, आभार मानायला आले होते. मग कुणीतरी फ्लाउंडर माशाबद्दल. मग हरणांच्या ब्रीडिंगचा धंदा करणारे, त्यांचा आणि खात्याचा हरणांच्या त्या मेंदूच्या रोगावरून, सीडब्ल्यूडीवरून, पिढीजात भांडण असल्यासारखा सूर. युनिफॉर्ममधली स्काउटची पोरं मागच्या रांगेत ताठ बसलेली, त्यांना बहुतेक बॅज मिळणार होता.

सुरुवातीला नियम वाचून दाखवतात. नाव पुकारलं की पोडियमपाशी या, नाव सांगा, स्वतःखेरीज कुणाच्या वतीने बोलत असाल तर ते सांगा, तीन मिनिटं. समोर छोटा सिग्नल असतो, हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरतं घ्या, लाल म्हणजे बस. कमिशनरने मध्येच प्रश्न विचारला तर तो वेळ तुमच्या तीन मिनिटांतून कापत नाहीत, आणि ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण चतुर लोकं मुद्दाम एक धागा अर्धवट सोडतात, प्रश्न यावा म्हणून. एका रँचवाल्याने हे इतकं सफाईने केलं की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण टाळ्या वाजवायच्या नसतात.

माझं नाव पुकारताना त्या माणसाने आडनावाच्या दारात येऊन तीनदा पाय मागे घेतला, शेवटी मीच उठले. माझी मागणी अगदी साधी होती, की आमच्यासारखी बरीच कुटुंबं वीस-पंचवीस जणांनी मिळून पार्कात येतात, आजी-आजोबांपासून स्ट्रोलरपर्यंत, तर नवीन पार्कं आखताय तर सावलीच्या मोठ्या शेडचा आणि त्यांच्याजवळच्या पाण्याच्या नळांचा विचार आधीपासून करा. लिहून नेलं होतं, तरी पिवळा लागला तेव्हा मी अजून आजी-आजोबांवरच होते. कमिशनरने काही विचारलं नाही. पण बाहेर कॉरिडॉरमध्ये खात्यातली एक बाई मागून आली, नवीन पार्कांच्या आराखड्यावर लोकांची मतं मागवतात त्या यादीत माझा ईमेल घालून घेतला, आणि सांगितलं की तुम्ही जे बोललात ते इथे बोलण्यापेक्षा त्या टप्प्यावर बोललात तर जास्त उपयोग. हे तिने सहज सांगितलं पण मला वाटतं या सगळ्या प्रकाराची मेख तिथेच आहे.

कारण माइकवर बोलून त्याच दिवशीचं मतदान फिरलं असं फार क्वचित होतं. बोका चिकाचं प्रकरण घ्या. पार दक्षिणेला ब्राउन्सव्हिलच्या पुढे, समुद्राला लागून, स्पेसएक्सच्या रॉकेटच्या तळाजवळ बोका चिका स्टेट पार्कच्या जमिनीचे तुकडे आहेत. त्यातली ४३ एकर स्पेसएक्सला द्यायची आणि बदल्यात लागुना अटास्कोसा अभयारण्याजवळची ४७७ एकर घ्यायची असा प्रस्ताव आला. आकड्यात बघितलं तर फायद्याचाच सौदा. पण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरायला जाणाऱ्या लोकांना दूरची ४७७ एकर काय कामाची, त्यांचा किनारा तो त्यांचा किनारा, वर लॉन्चच्या दिवशी तिथला रस्ता बंद. ४ मार्च २०२४ ला ऑस्टिनमध्ये मीटिंग झाली, सोमवारी. ब्राउन्सव्हिलहून ऑस्टिन म्हणजे साडेपाच-सहा तासांचा ड्राइव्ह, एक दिवसाचा पगार बुडवून लोकं आली, त्या भागातल्या मूळ रहिवासी जमातीची माणसं आली, बोलली. विरोधाचा सूर चांगलाच मोठा होता. कमिशनने एकमताने मंजूर केलं. पुढे त्याच वर्षी स्पेसएक्सनेच त्या व्यवहारातून अंग काढून घेतलं, ती गोष्ट वेगळी, पण त्या सोमवारी घरी परत निघालेल्या माणसाला कसं वाटलं असेल याचा मी बऱ्याचदा विचार करते. मीटिंग ब्राउन्सव्हिलला घ्यायला काय हरकत होती, हा माझा साधा प्रश्न आहे आणि तो मी पुढच्या वेळी विचारणार आहे.

याच्या उलट फेअरफील्ड, तिथे कमिशन लोकांच्या बाजूने होतं आणि तरीही पार्क गेलं. डॅलस-ह्यूस्टन आय-४५ वर जाता येता तुम्ही फेअरफील्डचा एक्झिट बघितला असेल. १९६९ मध्ये कोळशावरच्या वीज प्लांटला गार पाणी हवं म्हणून तिथे तळं बांधलं, आणि १९७६ पासून त्याच्या काठावर १८०० एकरांचं स्टेट पार्क होतं, जमीन वीज कंपनीची, राज्याला फुकट वापरायला दिलेली. २०१८ मध्ये प्लांट बंद पडला. मग त्या प्लांटची मालक असलेल्या व्हिस्ट्रा कंपनीने सांगितलं की आम्ही लीज संपवतोय, आणि २०२१ मध्ये तळ्यासकट साधारण ५,००० एकर विकायला काढली, सगळी मिळून घ्या, तुकडे करणार नाही. राज्याने तेव्हा बोली लावली नाही. डॅलसच्या टॉड इंटरेस्ट्स नावाच्या डेव्हलपरने ११ कोटी डॉलरच्या आसपास घेतली, गेटवाली सोसायटी, गोल्फ कोर्स, महागडी घरं असा बेत. ४ जून २०२३ ला पार्कचं गेट बंद झालं, आणि १० जूनला, शनिवारी, कमिशनची खास मीटिंग. खच्चून लोकं. एका बाजूला तिथे लहानाचे मोठे झालेले, दुसऱ्या बाजूला "आज त्याची जमीन घेताय, उद्या माझी घ्याल" म्हणणारे, आणि टेक्ससमध्ये हा दुसरा मुद्दा म्हणजे साधीसुधी गोष्ट नाही. बकीजवाल्या ऍप्लिनसाहेबांच्या अध्यक्षतेखाली कमिशनने एकमताने ठरवलं, सक्तीचं भूसंपादन करायचं. अनेक दशकांत न उचललेलं पाऊल. मग भरपाई किती द्यायची हे ठरवायला कोर्टाने नेमलेले तिघं बसले आणि त्यांनी आकडा काढला ४१ कोटी ८० लाख डॉलर! राज्याने हात टेकले आणि वर्ष संपायच्या आत माघार घेतली.

आणि गंमत म्हणजे त्याच नोव्हेंबरमध्ये, स्टेट पार्कांच्या शंभरीच्या वर्षात, टेक्ससच्या मतदारांनी नवीन पार्कांसाठी १०० कोटी डॉलरचा फंड मंजूर केला, तीन चतुर्थांश लोकांनी हो म्हटलं. म्हणजे पैसाही होता, लोकांची इच्छाही होती, कमिशनची मतंही होती. नव्हती ती फक्त वेळ. २०२१ मध्ये विक्रीची पाटी लागली तेव्हा जर त्या जूनमधल्या गर्दीच्या निम्मी लोकं कमिशनसमोर येऊन बसली असती तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही, पण ११ कोटी आणि ४१ कोटीतला फरक सांगता येतो.

आता तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते आणि जिच्याबद्दल आपल्या लोकांना काहीच माहीत नसतं. टेक्ससमध्ये माउंटन लायन, म्हणजे प्यूमा, आहेत, पश्चिमेला आणि दक्षिणेला, आणि त्यांना काडीचं संरक्षण नव्हतं. वर्षभर कधीही, कितीही मारा, सापळा लावून विसरून जा, प्राणी त्यात अडकून दिवसेंदिवस तडफडून मेला तरी कुणी विचारणार नाही. २०२२ मध्ये टेक्सन्स फॉर माउंटन लायन्स नावाच्या गटाने तोच मघाशी सांगितलेला रीतसर अर्ज केला. सहा मागण्या. त्या काही जशाच्या तशा मान्य झाल्या नाहीत, पण त्यातून एक स्टेकहोल्डर ग्रुप बसला, त्यात रँचवाले, सापळेवाले, शास्त्रज्ञ, प्राणीप्रेमी सगळे एका टेबलावर, आणि माणसांना एका टेबलावर महिनोन्‌महिने बसवलं की ती थोडी मवाळ होतात. मे २०२४ मध्ये कमिशनने दोन नियम पास केले, एक म्हणजे सापळा लावला तर ३६ तासांत जाऊन बघायचा, आणि दुसरा म्हणजे पिंजऱ्यातून सोडून समोर गोळी घालायची ती बनावट शिकार बंद. सीझन नाही, मारण्यावर मर्यादा नाही, ते तसंच राहिलं. प्राणीप्रेमींना हे फारच थोडं वाटलं आणि ट्रॅपरांना फार जास्त. पण शून्यावरून काहीतरी झालं, आणि ते माइकवर नाही झालं, दोन वर्षं आधी टाकलेल्या कागदावर झालं.

हा फरक का पडतो हे मला कायदा चाळल्यावर कळलं. सापळ्याचा नियम हा "नियम" आहे, त्यामुळे तो करण्याआधी मसुदा टेक्सस रजिस्टरमध्ये, म्हणजे राज्याच्या गॅझेटमध्ये, किमान ३० दिवस छापावा लागतो, लोकांची मतं घ्यावी लागतात, आणि पास करताना कुणी काय म्हटलं आणि ते आम्ही का मानलं नाही हे खात्याला लिहून द्यावं लागतं. २५ जणांनी मागितली तर जाहीर सुनावणीही घ्यावी लागते. २५ जण! आपल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला याच्यापेक्षा जास्त बायका असतात. जमिनीच्या व्यवहाराला मात्र ही उत्तर देण्याची सक्ती नाही, तिथे तुमच्या हातात तीन मिनिटं आणि तुमचं नशीब. म्हणून बोका चिकाला बोलून काही झालं नाही आणि लायनला झालं, असं माझं मत आहे, वकील लोकं ग्रुपवर आहेत त्यांनी दुरुस्त करावं.

लगेच कुणीतरी म्हणणार, बघा अमेरिकेत कसं असतं नाहीतर आपल्याकडे. थांबा जरा. महाराष्ट्रात राज्य वन्यजीव मंडळ आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालचं, मुख्यमंत्री अध्यक्ष, वनमंत्री उपाध्यक्ष, तीन आमदार, संस्थांचे तीन प्रतिनिधी, दहा तज्ज्ञ आणि बाकी अधिकारी. वर्षातून किमान दोनदा भरलं पाहिजे. तिथे उठून बोलायला तुम्हाआम्हाला माइक नाही हे खरं, बैठक झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं. पण त्याच कायद्यात संवर्धन राखीव क्षेत्र करायचं तर आधी स्थानिक लोकांशी बोला असं लिहिलंय, आणि त्याच्या समितीवर ज्या गावांच्या हद्दीत ते येतं त्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा माणूस असतो. टेक्ससमध्ये फेअरफील्डच्या सरपंचाला, म्हणजे मेयरला, अशी खुर्ची कुणी दिली नव्हती. आणि हरकती-सूचना हा प्रकार आपल्याला काही नवीन नाही, इको सेन्सिटिव्ह झोनचा मसुदा निघाला की ६० दिवस, धरण किंवा खाणीची जनसुनावणी असली की मांडवाखाली अख्खं गाव. माझे मामा कोकणातल्या अशा एका जनसुनावणीत एवढे बोलले होते की साहेबांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली. त्यांना तीन मिनिटांचा सिग्नल दाखवायला हवा होता. म्हणजे बोलणं आपल्या रक्तात आहे, इथे आल्यावर मात्र आपण एकदम पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसतो, हे मला कळत नाही.

ग्रुपवर एकाने विचारलं होतं की असल्या ठिकाणी बोललं तर नाव कुठे येतं का. हो, येतं. मीटिंगची अक्षरन्‌अक्षर ट्रान्सक्रिप्ट वेबसाइटवर असते, वर्षानुवर्षांची. ज्यांना ते नको वाटतं त्यांनी लेखी मत पाठवावं किंवा नुसतं जाऊन बसावं, त्याचीही काही ना काही मोजदाद होतेच, रिकामा हॉल आणि भरलेला हॉल यातला फरक समोर बसलेल्या नऊ जणांना दिसतो. मी जुन्या ट्रान्सक्रिप्ट वाचत एक अख्खी रात्र घालवली, वेब सिरीजपेक्षा बरं निघालं, विशेषतः हरणवाल्यांचे एपिसोड.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी एवढंच. अजेंडा वेबसाइटवर आधी लागतो तो वाचा. बुधवारी जे वर्क सेशन असतं ते कमिशन आणि स्टाफमधलं असतं, तिथे नुसतं ऐकायचं, पण खरी मजा तिथेच कळते कारण कोण कुठे झुकलंय ते तिथे दिसतं, लाइव्ह बघता येतं. बोलायचं असेल तर एकच मागणी घेऊन या, दोन नेल्या की दोन्ही पिवळ्या दिव्यात जातात. भावनिक बोलायला हरकत नाही पण पार्कचं नाव, रस्ता, महिना असं काहीतरी धरता येण्यासारखं त्यात हवं. पार्किंग फुकट आहे. हॉलमध्ये एसी इतका जोरात असतो की ऑगस्टमध्ये शाल लागते. पुढच्या वेळी ऑस्टिनजवळच्या सीडर पार्क गावाहून मी गाडी नेणार आहे, दोन सीट रिकाम्या आहेत, ज्यांना यायचं त्यांनी मला पर्सनलवर मेसेज टाका, ग्रुपवर थम्स-अप देऊन गायब होऊ नका.